खरचटलेली भिंत

हॉटेल नको, परदेशात तिथल्यांसारखंच राहायचं, असा हट्ट धरून आर्किटेक्टबाईंनी शिंपल्याच्या आकाराच्या बुटक्या घरात खोली घेतली. आत शिरतानाच त्यांची बॅग भिंतीला घासली आणि लांबलचक ओरखडा उठला.

"राहू द्या, भरून येईल," घरमालकीण म्हणाली. थोडक्यात निभावलं, असं बाईंना वाटलं.

सकाळी पाहतात तर काय, ओरखड्यावर खपली धरलेली! त्यांनी बोट लावलं. कोमट भिंतीने चटकन अंग चोरलं.

"अहो, हे... हे कशाचं बांधलंय?" बाईंनी बोट मागे घेतलं.

"हळू बोला." मालकिणीने ओरखड्यावर फुंकर घातली. "रात्रभर रडत होतं. त्याची आई आलीये."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. कालच्या मोकळ्या मैदानात, अगदी काचेला टेकून, तसंच एक दहामजली घर उभं होतं.