बारा उंदरांची पंगत

संघप्रियानं बारा ग्राफ टेबलावर मांडले, सहा ह्या अंगाला, सहा त्या अंगाला, आणि तिथंच डोकं टेकलं. दारात बयाबाई केरसुणी धरून उभी. प्रयोगशाळेची झाडलोट तिच्याकडं, उंदरांचं खाणंपाणीबी तिच्याकडंच. चार दिवस तिच्या घशात एक वाक्य अडकलं हुतं. गिळंना आणि बाहीरबी पडंना.

"मावशी, मी सोडते," पोरगी मान वर न करता म्हणाली. "अर्ज लिहिलाय. उद्या सरांना देते आणि घरी, कुरुंदवाडची गाडी धरते."

"तीन वर्षं राबलीस की गं."

"राबून काय? हे बघा की."

बयाबाईला ग्राफातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण पोरीनं जेवताना सांगून सांगून तिला एवढं पाठ झालतं, की इचारलं असतं तर तिनं कॉलेजात तास घेतला असता. पेशी म्हंजे गुळाचं मार्केट. तिथं माल वाहणारे हमाल वीस तऱ्हेचे, त्यांचं नाव टी-आरएनए. एकविसावा ह्यो सेलेनियमवाला. 'काम बंद'ची पाटी बघून बाकीचे माघारी फिरत्यात, आणि ह्यो गडी ओझं घेऊन सरळ आत घुसतोय. खाण्यात सेलेनियम भरपूर असलं की फेटा बांधून हिंडतोय, कमी पडलं की बोडका. ग्राफावर बोडक्यांचा एक उंचवटा, फेटेवाल्यांचा दुसरा.

म्हणून बारा पांढरे उंदीर आणलेते. उजव्या सहांना सेलेनियम घातलेलं पीठ, डाव्या सहांना बिनसेलेनियमचं. तीन महिन्यांनी सगळ्यांची कलेजी काढून त्यातनं हे हमाल गाळले.

"डावीकडं बोडके निघाय पायजे हुते," संघप्रिया म्हणाली. "सगळे फेटेवालेच निघाले. नवरदेवाच्या वरातीगत! सर म्हणाले, तुझ्या हातालाच गुण न्हाई."

बयाबाईनं केरसुणी भिंतीला लावली.

"तुझा हात झ्याक हाय, पोरी. नाट माझ्या हातानं लागलाय."

"म्हंजे?"

"सुकट घातली मी. डाव्या सहांना. रोज दुपारी, माझ्या डब्यातली."

"सुकट?" पोरगी ताडकन उठली. "मावशी, वाळल्या मासळीत सेलेनियम खच्चून भरलेलं असतंय!"

"मला काय ठावं? बारा जणांची पंगत एका खोलीत बसवायची, आणि त्यातल्या सहांना कमी वाढायचं." बयाबाईचा आवाज फाटला. "तसल्या पंगतीत मी बसलीया, बाई. कमी वाढल्याल्या अंगाला. माझ्या हातानं न्हाई झालं."

"आणि वास? कुणालाच आला न्हाई?"

"उदबत्ती लावायची की. सर म्हणायचे, बयाबाई लई भाविक हाय."

संघप्रिया हसली न्हाई. तिनं डावीकडचे सहा ग्राफ पुढ्यात ओढले. मग म्हणाली, "सगळ्यांना सारखीच घालत हुता?"

"चौथ्याला दोन चिमटी जास्ती. लबाड कसला! मागच्या पायांवर उभं ऱ्हाऊन हात जोडायचा."

संघप्रियानं डावीकडचा चौथा ग्राफ उचलला. फेटेवाल्यांचा उंचवटा त्यात सगळ्यांत उंच, पन्हाळ्यागत. मग मात्र ती हसली, डोळं पुसत हसली.

"मावशी, तुमी बोलायच्या आधी ह्यानं सगळं सांगितलं हुतं. मलाच ऐकू आलं न्हाई."

तिनं अर्ज फाडला. बयाबाईचा जीव भांड्यात पडला, पण पुरता न्हाई.

"मग ते बारा जीव?"

"परत बारा आणाय लागतील."

"गेले ते माझ्यापायी फुकट गेले म्हण की."

पोरीनं वही उघडली, पेन घेतलं आणि थांबली. "सरांना सांगाय पायजे. खाण्यात चूक झाली एवढंच लिहू?"

"बयाबाईनं सुकट घातली, असं लिही. मी हंगामी हाय, काढलं तर काढलं."

सरांनी काढलं न्हाई. उंदरांच्या त्या खोलीत दुसरं कोण पाय ठेवाय तयार नव्हतं. महिनाभर बोलणं तेवढं टाकलं.

नवे बारा आले. दुसऱ्या दिवशी संघप्रिया खोलीत गेली, तर दोन्ही रांगांच्या मधी बयाबाईचं जुनं लुगडं दोरीवर पसरलेलं.

"हे काय, मावशी?"

"कमी वाढायचं तर वाढते, बाई. पण एकमेकांचं ताट तरी दिसू नगं."

तिनं मोजून पीठ घातलं, आधी उजवीकडं, मग डावीकडं. आणि डाव्या सहांच्या पुढनं माघारी येताना पदर तोंडावर ओढून घेतला.