नकोच्या बाजूचं कार्ड

"आता ठरवा. सोंगट्या संपत आल्यात," ती म्हणाली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली. पुढे असले की ते आपोआप त्या एका कार्डाकडे जात होते.

लांब टेबलावर कापडी पट पसरला होता. उजवीकडे 'हवंच', डावीकडे 'नसलं तरी चालेल'. मधे कार्डं. डायलिसिस, बाळंतपण, मोतीबिंदू, कवळी. कोणत्या उपचाराला किती सोंगट्या पडतात ते त्याच्या कार्डावर छापलेलं. सगळ्यांना पुरतील एवढ्या सोंगट्या मुद्दामच दिल्या नव्हत्या. आरोग्य विम्यात कोणते उपचार असलेच पाहिजेत, हे साध्या माणसांना असं खेळायला बसवून शोधायचं, असं हे तिचं संशोधन. आजचा प्रयोग जमला तर तो गावोगावी करायला पैसे मिळणार होते. पैसे देणाऱ्या संस्थेच्या बाई भिंतीजवळ खुर्ची ओढून, चष्मा कपाळावर सरकवून बघत होत्या.

नियम एकच, आणि तो तिनेच लिहिलेला. खेळ घेणाऱ्याने स्वतःचं काही सांगायचं नाही. शब्दाने नाही, चेहऱ्यानेही नाही.

"कवळी ठेवा," निवृत्त ड्रायव्हरकाका म्हणाले. "चावता आलं नाही तर जगून करायचं काय?"

"तुमचे दात गेलेत म्हणून तुम्हाला कवळी," कपडे शिवणाऱ्या मावशी म्हणाल्या. "माझी नजर गेली तर सुईत दोरा तुम्ही ओवणार का?"

सगळे हसले. मोतीबिंदू उजवीकडे गेला, कवळी डावीकडे. राहिलं एकच कार्ड. 'उशिरा बोलणाऱ्या मुलांसाठी स्पीच थेरपी.' शब्द तिचेच होते. कुणाला दया येऊ नये असे निवडून घेतलेले.

पाळणाघर बंद होतं, म्हणून तिची पाच वर्षांची मुलगी बाहेर व्हरांड्यात आजोबांजवळ बसली होती. ती तिसरं सरेपर्यंत एक अक्षर बोलली नव्हती. मग दोन वर्षं थेरपी, आणि घरी रोज संध्याकाळी आरसा. तळहातावर पीस ठेवायचं, ओठ मिटायचे आणि 'प' म्हणायचं. पीस उडालं की टाळ्या. आता सुटे शब्द यायचे. पाणी. आई. नको. बोल गं, बोल, असं म्हणून म्हणून आईची स्वतःचीच जीभ थकली होती. विमा कंपनीने 'हा उपचार अत्यावश्यक नाही' म्हणून हात वर केले होते. पुढच्या महिन्यापासून थेरपी थांबणार होती.

"याला काय सोंगट्या घालायच्या?" काका म्हणाले. "माझा धाकटा भाऊ पाच वर्षांचा होईस्तोवर मुका होता. आता लग्नात माइक हातात आला की काढून घ्यावा लागतो. वेळ आली की बोलतात पोरं."

"सगळीच नाही बोलत," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी कार्ड उचललं. "माझ्या जावेचा नातू आहे. सहावं लागलं, अजून बोटाने दाखवतो. तहान लागली तरी बोट. मला वाटतं, असावं हे."

तिने श्वास रोखला. चेहरा कोरा ठेवला.

काकांनी मान खाजवली. "बरं बाई, तुम्ही म्हणता तर..."

मावशींचा हात उजवीकडे निघाला, तेवढ्यात दार ढकलून मुलगी आत आली. मागून आजोबा, "अगं थांब, आत काम चाललंय."

"आई, आजोबांची चप्पल तुटली," मुलगी म्हणाली.

खणखणीत. कोणी न विचारता. पहिलं अख्खं वाक्य.

आईचे हात टाळीसाठी सुटले, आणि तिने ते लगेच पुन्हा पाठीमागे बांधले. खोलीत हशा पिकला होता. काका सगळ्यात मोठ्याने हसत होते. "वा, काय गोड बोलते. किती वर्षांची हो, ताई?"

"पाच."

"घ्या. हिला कोण गेलं होतं शिकवायला?"

मावशींचा हात पटावर अधांतरी थांबला. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे. भिंतीजवळच्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

एवढी माणसं आपल्याकडे बघतायत म्हणून मुलगी फुलून गेली होती. तिने ओठ मिटले. 'प' येणार होता, नाहीतर 'ब', आणि थेरपीचं सगळं उघड झालं असतं. आरशासमोर बसून बसून आईला ते ओठ पाठ झाले होते.

आईने वाकून त्या ओठांवर बोट ठेवलं. "गप. आता बोलायचं नाही."

मावशींनी सुस्कारा टाकला आणि कार्ड डावीकडे ठेवलं.

माणसं पांगल्यावर संस्थेच्या बाई जवळ आल्या. "चेहऱ्यावर रेघसुद्धा हलू दिली नाहीत तुम्ही. मुलगी आत आली तरी. पैसे मंजूर झाले समजा."

आजोबा तुटकी चप्पल हातात धरून, एक पाय अनवाणी, जिना उतरत होते. डोळे भरून आलेले. "सूनबाई, ऐकलंस ना? चार शब्द, एका दमात." ते पायरीवर थांबून नातीकडे वळले. "परत म्हण बरं, राणी. आजोबांची काय तुटली?"

मुलीने आईकडे पाहिलं. मग आपलं इवलंसं बोट उचललं आणि स्वतःच्याच ओठांवर ठेवलं.