मोकळा गळा

मंगळसूत्र कप्प्यात ठेवताना द्वारकाचा हात रोज अडखळायचा. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत धातूचा कण गेला तर ती पेट घेते, म्हणून कारखान्यातल्या जपानी भागीदारांनी बायकांच्या अंगावर मणीसुद्धा राहू दिला नव्हता. सासू पहिल्याच दिवशी कुरकुरली होती, "सवाष्णीनं मोकळ्या गळ्यानं वावरू नये गं." नवरा मात्र हसला. तोही तिथेच, चार्जिंगच्या शेडमध्ये कामाला. "मी भिंतीपलीकडे धडधाकट उभा असतो की," म्हणाला.

आज भोंगा वाजला तो थांबेचना. शेडमध्ये बॅटऱ्या पेटल्या होत्या. बायकांना मैदानात काढलं आणि आग विझल्यावर सामान घ्यायला आत सोडलं.

द्वारकानं कप्पा उघडला, मंगळसूत्र गळ्याला लावलं, पण हूक काही लागेना. "अक्का, शेडमधली माणसं निघाली ना बाहेर?" तिनं विचारलं.

तिच्याबरोबर काम करणारी जयाक्का फाटकावर ॲम्ब्युलन्सजवळ जाऊन आली होती. तिनं मागे येऊन हूक लावला, मग पुढून काळे मणी सारखे केले.

"असू दे," ती म्हणाली. "घरी जाईपर्यंत तरी असू दे."