डाव्या बाजूचा डाग

सुनेनं सासूची चोळी हुंगली. धुवायच्या आधी, विहिरीवर, चार बायकांच्या देखत. गोजराबाईला हे सांगतानासुद्धा लाज वाटत होती. तरी सकाळपासून तारापूरच्या कोळीवाड्यात तिघींना सांगून झालं होतं.

"मासळीच्या घरात सून आणली, आन् ती नाक धरून बसलीय," ती शेजारच्या नर्मदेला म्हणाली. "बाप वाणगाव ठेसनावर सांधे बदलतो. रुळाच्या कडेला वाढलेली पोर. हिला कोळशाचा धूर गोड, बोंबलाचा वास नाय."

तेवढं खरं होतं. हंसाला मासळीतलं काही कळत नसे. बोंबील वाळत घालताना जबड्यात जबडा अडकवून दोन-दोन जोडीनं टांगायचे, हे महादूशी लग्न झाल्यावर सासूनंच तिला शिकवलं. शिकली. पण हुंगायची खोड गेली नाही. दूध हुंगे, रॉकेलची बाटली हुंगे, आणि आता चोळी.

कोळणीच्या चोळीवरचे डाग कोण मोजतं? गोजराबाई बोईसरच्या बाजारात पाटी घेऊन बसे. वीज केंद्राच्या बांधकामावर आलेल्या देशावरच्या बायकांना मासा कापता येत नसे, तो हीच कापून देई. रक्त उडायचंच.

दुपारी हंसा चोळी घेऊन सासूपुढे उभी राहिली.

"आये, हा डाग माशाचा नाय."

"मग काय, मी पान खाऊन थुंकले?"

"पावसापायी होड्या वर ओढून वीस दिस झाले. आपण सुकं खातोय. डाग मात्र रोज नवा. आन् बाहेरून नाय, आतून लागलाय. डाव्या बाजूला, एकाच जागी."

गोजराबाईनं चोळी हिसकावून घेतली आणि कोपऱ्यात फेकली. "उद्याच्या गाडीनं वाणगावला जा. बापाचे कंदील हुंगत बस."

दुसऱ्या दिवशी हंसा खरंच गाडीत बसली, पण वाणगावच्या नव्हे. कोपऱ्यातली चोळी वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं पालघर गाठलं. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कागद उघडला, डाग उलटासुलटा पाहिला आणि पुन्हा गुंडाळला. "चोळीला काय तपासू? मालकिणीला घेऊन ये. लवकर आण."

हंसा घरी आल्यावर गोजराबाईनं अर्ध्या कोळीवाड्याला ऐकू जाईल इतका तिचा उद्धार केला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी नवं लुगडं नेसून सुनेच्या आधी ओट्यावर येऊन बसली. "चल. तुझं नाक एकदाचं खोटं पडू दे."

डॉक्टरीणबाईंनी खूप विचारलं. एकाच बाजूनं येतं की दोन्ही? आपोआप येतं की दाबल्यावर? रंग कसा? कुठली गोळी चालू आहे का?

"मूल कधी पाजलंत शेवटचं?"

"महादूला. तो आता पंचवीसचा हाय. आता मागायचा नाय."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण हात थांबला नाही. काखा चाचपल्या. मग बोंडाभोवती एक बोट घड्याळाच्या काट्यासारखं फिरवत हलके दाबलं. एका ठिकाणी, एकाच छिद्रातून, लाल थेंब वर आला. तो त्यांनी काचेच्या पट्टीवर पुसून घेतला.

"दोन्हीकडून दुधासारखं आलं असतं, तर एखाद्या औषधानं किंवा शरीरातल्या बदलानं येतं म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "हिरवट, चिकट असतं, तर वयानं म्हटलं असतं. पण हे एकाच बाजूनं, आपोआप आणि लाल येतंय. हे तसंच सोडायचं नाही. बहुतेक वेळा दुधाच्या नळीत मसासारखी गाठ असते, साधी. कधीकधी वाईट निघते. कापून पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. मुंबईला जावं लागेल."

गोजराबाईनं चोळीची गाठ मारली आणि उठली. परतीच्या वाटेवर ती लुगड्याचा काठ चाचपत राहिली. हंसानं तिला इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानं ती जास्त घाबरली.

मुंबईच्या इस्पितळात दहा दिवस गेले. तिथं गोजराबाई हळूहळू पूर्ववत झाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनं सरंगा कसा कापावा ते सांगितलं, नर्सला चहा कसा करावा ते सांगितलं. कापून काढलेली गाठ तपासायला गेली. निकाल पालघरला डॉक्टरीणबाईंकडे आला, तेव्हा श्रावण लागला होता.

त्यांनी कागद दोनदा वाचला. "साधा मस होता. वाईट काही नाही. पण दर सहा महिन्यांनी मला दाखवून जायचं."

बाहेर आल्यावर हंसा दवाखान्याच्या पायरीवरच बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. गोजराबाईनं इकडंतिकडं पाहिलं. मग गुडघे धरत तिच्या शेजारी टेकली.

"चाळीस वर्सं मी माझी चोळी कुणाला धुवाय दिली नाय," ती म्हणाली. "चैतात पहिला डाग आला, आन् दुसऱ्या दिवशी ती तुझ्या पुढ्यात टाकली. लेकाला सांगायची ती गोष्ट नव्हं. तुला सांगाय तोंड उघडंना. म्हटलं, ही हुंगणारी हाय, हिला कळंल. तर तीन महिने लावलेस. मंदच हायेस तू."