भरलेली डोण

पपईचं पान खुडायला जयसिंगराव दगडी डोणीच्या काठावर एक पाय देऊन उभे राहिले. त्यांची सावली पाण्यात पडली आणि वर तरंगणारं काहीतरी वळवळत झपकन खाली गेलं. ते तसेच थांबले. पाणी निवळ होतं, तळाचा दगड स्पष्ट दिसत होता. त्या दगडाशी बारीक बारीक अळ्या होत्या. एकदोन नव्हत्या.

शेजारी पिशवी उघडून नाजिमा उभी होती. वरच्या मजल्यावरची त्यांची भाडेकरू. तिची सात वर्षांची अल्फिया डेंग्यूनं दवाखान्यात होती, आणि आज सकाळी तिच्या प्लेटलेट्स आणखी उतरल्या होत्या.

"कोवळी बघून द्या हं काका," नाजिमा म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, पपईच्या रसाचा भरवसा धरू नका. औषधपाणी चालूच आहे. पण मला नुसतं बसवत नाही."

"देतो की. झाड तुझंच हाय," जयसिंगराव म्हणाले. नेहमीचा आवाज काढणं त्यांना जड गेलं.

डोण त्यांच्या वडिलांच्या वेळची, बैलांना पाणी पाजायची. बैल गेले, गोठा गेला, गोठ्याच्या जागी तीन मजली इमारत आली आणि धायरीचं गावपण पुण्यात विरून गेलं. डोण तेवढी राहिली. भरल्या डोणीतलं पाणी ओतून देऊ नये, असं वडील सांगायचे. जयसिंगरावांनी ते इमानानं पाळलं. पाणी कमी झालं की वरून भर घालायची, उपसायचं नाव काढायचं नाही.

गेल्या महिन्यात महापालिकेची माणसं आली होती. आठवड्यातून एकदा डोण रिकामी करा, घासा, कोरडी पडू द्या, म्हणाली. "आमचं पाणी पिण्याजोगं हाय," जयसिंगरावांनी त्यांना फाटकातूनच वाटेला लावलं होतं. "डास बघायचे तर गटारीकडं जावा. का तिथं वास येतो?" हा किस्सा ते पुढे दोन दिवस चवीनं सांगत होते. डेंग्यूचा डास नेमका सोवळ्यातला निघाला. त्याला साचलेलं स्वच्छ पाणीच आवडतं.

"अल्फियाला सारखी इथली काळजी," नाजिमा सांगत होती. "अंगात ताप, हाताला सलाइन, आणि विचारते काय, तर डोणीत पाणी घातलं का? चिमण्या येऊन परत जातील म्हणे. शाळेतून आली की बाटलीतलं उरलेलं पाणी आधी इथं ओतायची, मग घरात. तुम्हीच सवय लावलीत तिला."

तिनं ते कौतुकानं म्हटलं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. जयसिंगरावांच्या हातातलं पान निसटून पाण्यात पडलं. त्यांनी दुसरं खुडलं, आणखी चार खुडली आणि तिच्या पिशवीत घातली.

"फार उपकार झाले, काका." ती फाटकाकडे वळली.

गप्प राहिले असते तर ती गेली असती. कोणाला कळणार होतं? रात्री डोण रिकामी केली की काम झालं. पण तो 'उपकार' त्यांच्या घशाखाली उतरेना.

"नाजिमा, थांब. इकडं ये. ह्यात बघ."

ती आली आणि वाकली. तिची सावली पडताच पाणी पुन्हा वळवळलं.

"मीच पोसलं हे," जयसिंगराव म्हणाले. "लोक सांगायला आले हुते. मी हाकलून दिलं. पोरगी रोज दुपारची इथं खेळायची..." लाजेनं त्यांचा जीव अर्धा झाला होता. हिनं शिव्या द्याव्यात, पिशवी तोंडावर फेकावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

नाजिमानं पिशवी मात्र छातीशी घट्ट धरली.

जयसिंगरावांनी सदऱ्याची बाही वर सारली, हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि डोणीच्या तळाच्या भोकात घट्ट बसलेला चिंध्यांचा बोळा ओढून काढला. पाणी भसकन बाहेर आलं आणि दोघांच्या पायांवरून जाऊन कोरड्या मातीत जिरू लागलं. नाजिमा मागे सरकली नाही. डोणीचा तळ उघडा पडेपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"अल्फिया घरी आली की यातलं काही तिला सांगू नका," ती म्हणाली. "अम्मी, पाणी तर मीच घालायचे, असं म्हणेल ती."