खालचा कप्पा

चार कप्प्यांचा डबा. चेअरमनसाहेबांची गाडी. बढती नको, असा अर्ज.

"वेडी आहेस का गं?" दूध संघाच्या कॅन्टीनमध्ये हिशेबखात्याच्या नलवडेबाईंनी कालिंदीचा अर्ज वाचून विचारलं.

"पगार वाढला की स्लॅब बदलतो ना, बाई. मग सगळ्याच पगारावर जास्त कर. हातात आत्तापेक्षा कमी येणार."

बाईंनी आपल्या डब्याचे रिकामे कप्पे एकावर एक रचले. "खालच्यात मावेल तेवढ्या कमाईवर कर नाही. उरेल ते दुसऱ्यात, थोडा कर तेवढ्यावरच. तिसऱ्यात पडेल त्यावर जरा जास्त. वरचा भरला म्हणून खालच्याला कुणी हात लावत नाही."

कालिंदीने खालच्या कप्प्यावर बोट ठेवलं. "आणि चेअरमनसाहेबांचा खालचा कप्पा?"

"तुझ्याएवढाच. त्यांचे वरचेही भरतात, म्हणून कर जास्त."

खिडकीबाहेर साहेबांच्या गाडीला टेकून ड्रायव्हर चहा पीत होता. त्याचाही तेवढाच. एवढ्या मोठ्या देशात सगळ्यांचा खालचा कप्पा एकाच मापाचा. कालिंदीच्या अंगावर काटा आला. तिने अर्ज परत घेतला आणि फाडला.

कालिंदीच्या वडिलांनी याच भीतीने दोनदा बढती नाकारली होती. ते कारकून म्हणूनच निवृत्त झाले.