दारात बंद पडलेली मोटार

रामरावनं एक बटण ओढलं. भर दुपारी मोटारीचे दोन्ही दिवे लागले.

"पाव्हण्याले दिवसा दिसत नाही वाटते!" ओट्यावरून उकंडराव ओरडला. जमलेली आळी खो खो हसली.

मागच्या सीटवर कोकिळा बसली होती. रामरावची लेक, उकंडरावची सून. मांडीवर अजून एकही दात न आलेलं तिचं पोर. घामानं त्याचं जावळ कपाळाला चिकटलं होतं. ती पदरानं वारा घालत होती, आणि पदर हलला की तिच्या दंडावरचे काळेनिळे वळ दिसत होते. ते नवऱ्यानं, उत्तमनं, उमटवलेले. ते पाहूनही आळीत कुणी काही बोललं नव्हतं.

"बाईले खुशाल घेऊन जा," उकंडरावनं सकाळीच सांगितलं होतं. "पोट्टं आमचं हाये. ते इथंच राहीन."

मागच्या खेपेला रामराव एसटीनं आला होता. तेव्हा थांब्यावरच दिरांनी कोकिळाच्या हातातून पोर ओढून घेतलं, आणि पोरामागं तीही परत गेली. म्हणून या खेपेला मोटार. नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तो लॉरी हाकायचा. तिथल्या आवारात मॅनेजरची जुनी मोटार धूळ खात पडली होती, ती त्यानं विकत घेतली. मेकॅनिकनं चालू करून दिली, गिअर दाखवले आणि बजावलं, वाटेत बंद करू नका. चालू कशी करायची, हे विचारायचं घाईत राहूनच गेलं. रामरावनं बंद केलीही नव्हती. पण दारातला वाद लांबला, कोकिळा कशीबशी पोर घेऊन आत शिरली, आणि तेवढ्यात मोटार आपली आपण गप झाली.

दाराच्या कड्या तेवढ्या त्याला सापडल्या होत्या. त्या त्यानं आतून लावल्या. कोकिळाच्या बाजूची काच मात्र पुरती वर जाईना. दांडा नुसताच गरगर फिरायचा. वर चार बोटांची फट राहिली होती.

समोर बटणांची रांग होती. त्यांच्यावरची अक्षरं कधीच पुसून गेली होती. त्यानं दुसरं ओढलं. काचेवरचे दांडे कोरडेच खरखरत हलू लागले.

"मोटार रामराम घालून राह्यली बे!"

तिसरं फिरवलं. बाहेरच्या बाजूनं टपकन वळण दाखवायची लाल पाटी हातासारखी आडवी निघाली.

"हात पसरला पाहा! भीक मागून राह्यली!"

रामरावचे कान तापले. लॉरी असती तर तिला धक्का देऊन चालू करता आली असती. इथं दहा पावलांवर नदीकडचा उतार होता. पण धक्का देणार कोण? तो खाली उतरला असता तर मागच्या दारापाशी दोन्ही दीर टपलेलेच होते.

"बसू द्या," उकंडराव म्हणाला. "उत्तमले बोलवाले मोताळ्याच्या बाजारात सायकल गेली हाये. तो आला का काच फोडीन. नाहीतर पोट्टं उन्हानं रडलं का बाई आपसूक उतरीन."

पोर रडू लागलं. कोकिळानं त्याला छातीशी घेतलं, पण ते तोंड लावेना. "बाबा," ती हळूच म्हणाली, "मी उतरू का? याले सहन नाही होऊन राह्यलं."

रामरावनं चौथं बटण ओढलं. काहीच झालं नाही.

तेवढ्यात ओट्यावर सरकी वेचत बसलेली झुंबरबाई उठली. कोकिळाची सासू. लग्न झाल्यापासून एक गोड शब्द तिनं सुनेला दिला नव्हता. पदर कमरेला खोचून ती खाली आली, तशी माणसं आपोआप बाजूला झाली.

"अवदसे!" तिनं काचेवर थाप मारली. "घराची अब्रू रस्त्यावर मांडली तुनं! अन् हे काय धूड आणून उभं केलं माह्या दारात? काढा, आंधी काढा इथून!" तिनं मोटारीला खांदा लावला. "उभ्या काऊन राह्यल्या वं साऱ्याजणी? हात लावा! ही ब्याद नदीत लोटा!"

बाया धावल्या. मोटार जागची हलली. रामराव क्षणभर गोंधळला, मग त्यानं क्लच दाबला आणि गिअर टाकला.

"अवं उत्तमच्या माय!" उकंडराव ओट्यावरून उडी टाकून आला. "पोट्टं हाये आत! थांब!"

"निंघ! माह्या दारात पाय ठेवू नको पुन्हा!" झुंबरबाईचा आवाज त्याच्या आवाजावर चढला. दीर पुढं सरसावले, पण मोटारीला गावच्या बाया भिडलेल्या. अंगाला हात लावायचा तरी कुणाच्या?

चाकं उताराला लागली. रामरावनं क्लच सोडला. मोटारीला हिसका बसला, ती खोकली आणि धडधडू लागली. बाया मागं राहिल्या. झुंबरबाई तेवढी काचेची कड धरून पळत होती. धुळीत मागं उकंडराव ओरडत होता, कुत्री भुंकत होती. बाजारातून उत्तम आला की काय, हे पाहायला कोकिळा मान वळवणार, इतक्यात फटीशी सासूचं तोंड आलं. धाप लागलेली. आवाज एकदम खाली.

"मांगं पाहू नको, माय. माह्या बापानंही बैलगाडी आणली होती. मी मांगं पाह्यलं."